साप सोडून भुई धोपटणारे नियम: प्रशिक्षक, उपकरणं आणि मैदानावरचा निर्णय

१७ सप्टेंबर १९०० रोजी फिलाडेल्फियात बेसबॉलचा सामना चालू होता, फिलाडेल्फिया फिलीज विरुद्ध सिनसिनाटी रेड्स. मधेच सिनसिनाटीचा टॉमी कॉर्कोरन तिसऱ्या बेसजवळ गेला, जिथे समोरच्या संघाचा प्रशिक्षक उभा राहतो त्या जागी, आणि बुटाच्या खिळ्यांनी माती उकरायला लागला. थोड्या वेळात खाली एक लाकडी पेटी आणि विजेच्या तारा निघाल्या. तारांचं दुसरं टोक मैदानाच्या पार पलीकडे, फिलीजच्या क्लबहाऊसमध्ये होतं. तिथे मॉर्गन मर्फी नावाचा राखीव कॅचर दुर्बीण घेऊन बसायचा, समोरच्या कॅचरच्या बोटांच्या खुणा वाचायचा आणि कळ दाबायचा. तिसऱ्या बेसजवळ उभ्या असलेल्या पीअर्स चाइल्सच्या तळपायाला ती थरथर कळायची आणि पुढचा चेंडू कसा येणार हे तो आपल्या बॅटरला सांगायचा.

पंचांनी काय केलं? खेळ पुढे चालू ठेवला. प्रशिक्षकाच्या पायाखाली वीज असू नये असं नियमांच्या पुस्तकात कुठे लिहिलेलंच नव्हतं.

या प्रसंगाला आता सव्वाशे वर्षं होऊन गेली. या काळात अमेरिकन फुटबॉल, बेसबॉल, क्रिकेट, फुटबॉल, टेनिस या सगळ्यांनी प्रशिक्षकांच्या उपकरणांबद्दल नियम केले. काही केले, मोडले, परत केले. हे नियम एका ओळीत ठेवून वाचले की लक्षात येतं, बहुतेकांची रचना एकसारखीच आहे. एखादं यंत्र येतं, त्यावरून गोंधळ होतो, मग त्या यंत्राचं नाव बंदीच्या यादीत जातं. पुढच्या वेळी वेगळं यंत्र येतं. माझी तक्रार बंदी कडक आहे किंवा सैल आहे अशी नाही. बंदीची रेघ चुकीच्या जागी आखली जाते, ही आहे. आपल्याकडे साप सोडून भुई धोपटणं म्हणतात, तसं.

माझं रोजचं काम निर्णय घेणाऱ्या माणसाला कुठली माहिती कधी द्यावी, याबद्दलचं आहे. त्या कामात आम्ही पहिले तीन प्रश्न विचारतो: माहिती कोण देतंय, कोणाला देतंय, आणि निर्णयाच्या किती आधी देतंय. ती तारेतून आली की कागदावरून, हा प्रश्न चौथा. खेळांचे नियम नेमके या चौथ्या प्रश्नापासून सुरू होतात आणि बरेचदा तिथेच संपतात.

कचऱ्याचा डबा

बेसबॉल न पाहणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. क्रिकेटमध्ये कुठला चेंडू टाकायचा हे गोलंदाज ठरवतो. बेसबॉलमध्ये बॅटरच्या मागे उकिडवा बसलेला कॅचर मांड्यांच्या मधे बोटांनी खूण करतो आणि पिचर मान डोलावतो किंवा नाही म्हणतो. ती खूण बॅटरला कळली तर अर्धी लढाई तिथेच संपली, कारण सरळ वेगवान चेंडू आणि वळणारा चेंडू यांतला फरक ओळखायला त्याला अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ असतो.

आता गंमत बघा. ही खूण चोरणं बेसबॉलमध्ये गुन्हा नाही. दुसऱ्या बेसवर पोचलेला खेळाडू कॅचरची बोटं डोळ्यांनी वाचून आपल्या बॅटरला इशारा देऊ शकतो. ते खेळातलं कौशल्य मानलं जातं. यंत्र वापरलं की गुन्हा.

२०१७ च्या सप्टेंबरमध्ये बोस्टन रेड सॉक्सच्या डगआउटमधलं एक स्मार्ट घड्याळ गाजलं. व्हिडिओच्या खोलीत बसलेला माणूस खुणा उलगडून त्या घड्याळावर संदेश पाठवत होता. मेजर लीग बेसबॉलने दंड केला, रक्कम जाहीर केली नाही, आणि सगळ्या संघांना ताकीद दिली की यापुढे व्यवस्थापनाला जबाबदार धरू.

त्याच वेळी ह्यूस्टन ॲस्ट्रोज वेगळा उद्योग करत होते. सेंटर फील्डच्या कॅमेऱ्याचं चित्र डगआउटच्या मागच्या बोगद्यात एका पडद्यावर यायचं. तिथे उभा असलेला खेळाडू खूण वाचायचा आणि शेजारच्या कचऱ्याच्या डब्यावर बॅट आपटायचा. डबा वाजला की वळणारा किंवा संथ चेंडू, नाही वाजला तर वेगवान. कॅमेरा इलेक्ट्रॉनिक, पडदा इलेक्ट्रॉनिक, पण शेवटचा निरोप देणारं उपकरण म्हणजे प्लास्टिकचा डबा! लीगची ताकीद आल्यावरही हे थांबलं नाही. ॲस्ट्रोजनी त्या वर्षी वर्ल्ड सीरीज जिंकली.

याची किंमत कोणी मोजली ते बघू. ४ ऑगस्ट २०१७ ला टोरोंटो ब्लू जेजचा पिचर माइक बोल्सिंगर ह्यूस्टनमध्ये मैदानात उतरला. त्याने २९ चेंडू टाकले, फक्त एक बॅटर बाद केला, चार धावा दिल्या, तिघांना फुकट बेस दिला. त्याला लगेच खालच्या लीगमध्ये पाठवलं गेलं आणि मेजर लीगमध्ये तो पुन्हा कधीच पिच करू शकला नाही. प्रकरण उघड झाल्यावर टोनी ॲडम्स या ॲस्ट्रोजच्याच एका चाहत्याने त्या हंगामाच्या घरच्या सामन्यांचे आठ हजारांवर चेंडू एकेक करून ऐकले आणि डब्याचे १,१४३ आवाज नोंदवले. सगळ्यात जास्त आवाज ४ ऑगस्टच्या सामन्यात होते, आणि बोल्सिंगरच्या २९ पैकी १२ चेंडूंवर डबा वाजला होता.

जानेवारी २०२० मध्ये शिक्षा जाहीर झाली. ५० लाख डॉलर दंड, दोन वर्षांचे वरचे ड्राफ्ट हक्क रद्द, सरव्यवस्थापक आणि व्यवस्थापक एका वर्षासाठी निलंबित. क्लबने त्यांना त्याच दिवशी काढून टाकलं. एकाही चालू खेळाडूला शिक्षा नाही, कारण साक्ष देण्याच्या बदल्यात त्यांना अभय दिलं होतं. व्यवस्थापक ए. जे. हिंच याने, अहवालानुसार, तो पडदा दोनदा फोडला होता. पण 'हे बंद करा' असं स्पष्ट कधी सांगितलं नाही. मला हा तपशील फार बोलका वाटतो. ज्याच्या हातात थांबवण्याचा अधिकार होता त्यानेसुद्धा राग काढला तो यंत्रावर. नियमाची जी नजर होती, तीच व्यवस्थापकाची झाली.

यानंतर बेसबॉलने जे केलं ते मात्र दाद देण्यासारखं आहे. २०२२ मध्ये 'पिचकॉम' आलं. कॅचरच्या हातावर बटणांची पट्टी, पिचरच्या टोपीत छोटा स्पीकर. बोटांच्या खुणाच गेल्या, त्यामुळे चोरायला काही उरलं नाही. पण खरी महत्त्वाची अट वेगळी: हे यंत्र मैदानावरच्या खेळाडूंनीच वापरायचं, डगआउटमधून प्रशिक्षकाने वापरायचं नाही. म्हणजे एका यंत्राला सरळ परवानगी दिली आणि रेघ 'कोण कोणाशी बोलतंय' यावर आखली.

आता हाच खेळ अमेरिकेतल्या कॉलेजांत पाहा. तिथे काय झालं? बरोबर उलटं. कॉलेज बेसबॉलमध्ये प्रशिक्षकाला डगआउटमधून एकतर्फी उपकरणाने कॅचरपर्यंत चेंडूची निवड पोचवायला परवानगी मिळाली. कारण दिलं गेलं खेळाचा वेग वाढवण्याचं. याआधीही अनेक कॉलेजांत प्रशिक्षक हातवारे करून किंवा आकडे ओरडून चेंडू ठरवायचेच, तेव्हा नवीन काय, असंही म्हटलं गेलं. ते खरंही आहे. पण जी गोष्ट आधी वेळखाऊ आणि चोरता येण्याजोगी होती, म्हणून तिला आपोआप मर्यादा होती, ती आता सोपी आणि सुरक्षित झाली. एकोणीस-वीस वर्षांचा कॅचर बॅटरचे पाय बघून, मागच्या दोन चेंडूंवरची त्याची चलबिचल बघून पुढचा चेंडू ठरवायला शिकतो, तो याच वयात. तेच काम त्याच्या कानात आयतं येऊन पडलं तर तो उत्तम निरोप्या होईल. व्यावसायिक खेळाडूच्या डोक्याचं रक्षण नियमाने करायचं आणि शिकणाऱ्या मुलाचं करायचं नाही, ही मला उलटी गंगा वाटते.

पंधरा सेकंद

अमेरिकन फुटबॉलची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तिथे प्रशिक्षकाने डाव ठरवणं हे खेळानेच मान्य केलेलं आहे. १९५६ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सचे प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी क्वार्टरबॅक जॉर्ज रॅटरमनच्या हेल्मेटमध्ये रेडिओ बसवला. त्याच हंगामात लीगने बंदी घातली. मग जवळजवळ चार दशकं हातवारे आणि निरोप्या खेळाडू. १९९४ मध्ये एनएफएलने रेडिओ परत आणला. यावेळी सगळ्यांना, एकाच प्रकारचा आणि अटींसह. प्रत्येक संघाच्या एकाच खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ, आणि डावाच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की आवाज बंद. बचाव करणाऱ्या संघाला हीच सोय २००८ पासून मिळाली.

मी या सगळ्या नियमांमध्ये हा पंधरा सेकंदांचा नियम सर्वात वर ठेवीन. त्यात यंत्राला शिव्या नाहीत, प्रशिक्षकाबद्दल संशय नाही. तो फक्त एवढंच म्हणतो की योजना तुमची, पण समोरचा बचाव उभा राहिल्यावर काय करायचं ते या मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी ठरवायचं. पेटन मॅनिंग रेषेवर येऊन हात नाचवत, ओरडत आखलेला डाव बदलायचा तो याच शेवटच्या सेकंदांत. त्या वेळी कानात शांतता असायची, म्हणून ते कौशल्य त्याचं होतं.

अर्थात, या नियमालाही पळवाटा आहेतच. २०१७ च्या सुमारास लॉस एंजेलिस रॅम्सचे तरुण प्रशिक्षक शॉन मॅकव्हे यांच्याबद्दल बरंच लिहिलं गेलं: त्यांचा संघ लवकर रेषेवर येऊन उभा राहायचा, म्हणजे रेडिओ चालू असतानाच समोरचा बचाव मांडला जायचा आणि मॅकव्हे क्वार्टरबॅकला काय दिसतंय ते सांगू शकायचे. नियमाचा शब्द पाळला, हेतू मोडला. पण पुढे काय झालं तेही बघा. फेब्रुवारी २०१९ च्या सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी त्याच रॅम्सना तीन गुणांवर रोखलं, आणि रेडिओ बंद झाल्यावर आपली मांडणी बदलणं हा त्यांच्या योजनेचा भाग होता असं नंतर सांगितलं गेलं. म्हणजे वेळेची रेघ होती, म्हणून समोरच्याला त्या पळवाटेवर मैदानातच उत्तर शोधता आलं. घड्याळाच्या किंवा डब्याच्या बाबतीत बोल्सिंगरला मैदानात कुठलं उत्तर शोधता आलं असतं?

याच पेट्रियट्सची दुसरी बाजूही सांगायला हवी. २००७ मध्ये त्यांचा माणूस मैदानाच्या कडेवरून समोरच्या प्रशिक्षकांच्या हातवाऱ्यांचं चित्रीकरण करताना सापडला. प्रशिक्षक बिल बेलिचिक यांना पाच लाख डॉलर, संघाला अडीच लाख डॉलर दंड आणि पहिल्या फेरीचा एक ड्राफ्ट हक्क गेला. हातवारे सत्तर हजार माणसांसमोर होतात, कोणीही पाहावेत. कॅमेरा कुठे ठेवला, यावर गुन्हा ठरला. पुढच्याच वर्षी बचावपटूला रेडिओ मिळाला आणि हातवाऱ्यांची गरजच कमी झाली. दंडाने जे साधलं नसतं ते परवानगीने साधलं.

कॉलेज फुटबॉलने हा धडा सोळा वर्षं घेतला नाही. तिथे रेडिओ नव्हता, म्हणून मैदानाच्या कडेला तीन-तीन सहाय्यक एकदम हातवारे करणार, त्यातला एकच खरा. शिवाय चित्रविचित्र चित्रांचे फलक. या खुणा सामन्यादरम्यान डोळ्यांनी वाचणं वैध. पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा सामना प्रत्यक्ष जाऊन पाहणं १९९४ पासून निषिद्ध, आणि त्यामागचं मोठं कारण खर्च होतं: श्रीमंत विद्यापीठं हेर पाठवतील, गरीब विद्यापीठांना परवडणार नाही. २०२३ मध्ये मिशिगन विद्यापीठाचा कर्मचारी कॉनर स्टॅलियन्स याचं प्रकरण बाहेर आलं. त्याने अनेक मैदानांची तिकिटं घेऊन माणसं बसवली होती आणि ती साध्या फोनवर कडेच्या खुणांचं चित्रीकरण करत होती. मुख्य प्रशिक्षक जिम हारबॉ नियमित हंगामाचे शेवटचे तीन सामने निलंबित झाले. संघ एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता झाला.

एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने सर्वात वरच्या विभागासाठी हेल्मेटमधला रेडिओ मान्य केला. एक खेळाडू, पंधरा सेकंदांची मर्यादा, एनएफएलसारखंच. शिवाय कडेवर टॅब्लेट. चांगलं झालं. पण हे आधी का नाही, याचं उत्तर मला महत्त्वाचं वाटतं. तीस वर्षं खर्चाचं कारण देऊन परवानगी टाळली, आणि त्या तीस वर्षांत एकेका मुख्य प्रशिक्षकाचा पगार वर्षाला कित्येक दशलक्ष डॉलरपर्यंत गेला. हातात स्वस्त आणि खुला उपाय असताना बंदीवर विसंबून राहिलं की चोरीलाच बाजारभाव येतो.

कानातला वूल्मर

आता आपल्या खेळाकडे. १५ मे १९९९, इंग्लंडमधलं होव्ह, विश्वचषकातला भारत-दक्षिण आफ्रिका सामना. कर्णधार हॅन्सी क्रोनिए आणि ॲलन डोनाल्ड यांच्या कानात छोटी यंत्रं होती आणि दुसऱ्या टोकाला प्रशिक्षक बॉब वूल्मर. पंचांच्या लक्षात आल्यावर सामनाधिकारी तलत अलींनी पेयपानाच्या वेळी ती काढायला लावली. इथेही फिलाडेल्फियाच होतं: नियमात बंदी नव्हती. आयसीसीने ती नंतर घातली.

वूल्मर यांची भूमिका लपवाछपवीची नव्हती, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखीही नव्हती. त्यांचं म्हणणं साधारण असं, की इतर खेळांत प्रशिक्षक सतत बोलतो, मग क्रिकेटमध्ये दोन षटकांच्या मधे बारावा गडी हातमोजे घेऊन धावत जातो आणि निरोप देतो तो चालतो, तोच निरोप कानात का चालू नये? याचं प्रामाणिक उत्तर यंत्राच्या बंदीत सापडत नाही. क्रिकेटला कर्णधार नावाची गोष्ट जपायची आहे, इतकंच ते उत्तर आहे. क्षेत्ररचना, गोलंदाजीतला बदल, एखाद्याला एक षटक जास्त देण्याचा जुगार हे सगळं मैदानात उभं राहून, घाम गाळत ठरवणारा माणूस. नियमाने हे वाक्य लिहायला हवं होतं. त्याऐवजी त्याने उपकरणाचं वर्णन लिहिलं.

त्याचा परिणाम एकवीस वर्षांनी दिसला. १ डिसेंबर २०२० ला केपटाउनला दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या टी-ट्वेंटीत इंग्लंडचे विश्लेषक नेथन लीमन ड्रेसिंग रूमच्या गॅलरीत अक्षर आणि आकडा लिहिलेले फलक लावून बसले होते, आणि ते फलक कर्णधार ऑइन मॉर्गनसाठी होते. त्यात इलेक्ट्रॉनिक काही नाही. सामनाधिकाऱ्यांना आधी सांगितलेलं होतं, त्यामुळे सगळं वैध. मॉर्गन म्हणाले, ही आज्ञा नाही, माहिती आहे. घ्यायची की नाही ते मी ठरवतो. २०२१ च्या आयपीएलमध्ये कोलकात्याच्या डगआउटमध्येही असा आकडा झळकला आणि परत तीच चर्चा झाली.

वूल्मरचं यंत्र बाद, लीमनचा फलक वैध. संगणकातून निघालेला सल्ला पुठ्ठ्यावर लिहिला की शुद्ध झाला! मॉर्गनच्या युक्तिवादात दम आहे असं मला वाटतं, कारण तो निदान 'निर्णय कोणाचा' या प्रश्नावर बोलतो. पण तोच युक्तिवाद क्रोनिएलाही लागू पडतो, हे नियमाला सांगता येत नाही.

क्रिकेटमध्ये एक नियम मात्र योग्य जागी आहे: डीआरएसचा. दाद मागायची की नाही हे पंधरा सेकंदांत मैदानावरच्या खेळाडूंनी ठरवायचं, बाहेरून कुठलाही इशारा चालणार नाही. हातवारे, फोन, भुवई उंचावणं, काहीच नाही. मार्च २०१७ मध्ये बंगळुरू कसोटीत उमेश यादवने स्टीव्ह स्मिथला पायचीत पकडलं तेव्हा स्मिथ मागे वळून ड्रेसिंग रूमकडे बघायला लागला, आणि पंच नायजेल लाँग मधे येऊन उभे राहिले. खाणकामगाराच्या घरातून, विदर्भातून आलेल्या गोलंदाजाने मेहनतीने मिळवलेला बळी टीव्हीसमोर बसलेल्या माणसाच्या मानेच्या हालचालीने जाता कामा नये, हे त्या क्षणी कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. पंचांनी यंत्र शोधलं नाही, नजर कुठे जाते ते पाहिलं.

एप्रिल २०२४ मध्ये आयपीएलच्या पंजाब-मुंबई सामन्यात मुंबईच्या डगआउटमधून सूर्यकुमार यादवला वाइडसाठी दाद मागायचा इशारा झाल्याचं कॅमेऱ्यात दिसलं. दोन दिवसांनी कायरन पोलार्ड आणि टिम डेव्हिड यांना मानधनाच्या २० टक्के दंड झाला. नियम बरोबर होता, अंमल लाजिरवाणा. चेंडू वाइड ठरला, दाद ग्राह्य राहिली, धाव मिळाली. मिळालेला फायदा तसाच ठेवून नंतर पावती फाडली. स्मिथच्या वेळी पंच मधे आले म्हणून नियमाला अर्थ होता, इथे तो उरला नाही.

पण यंत्रबंदी सोपी आहे ना?

माझ्या म्हणण्यावरचा सर्वात मजबूत आक्षेप मीच मांडते. यंत्र तपासता येतं. घड्याळ मनगटावर आहे की नाही हे पंच पाहू शकतो. 'निर्णय कोणाचा' हे कसं पाहणार? नियम अंमलात आणण्याजोगा असावा, नाहीतर तो फक्त सुविचार होतो. मुद्दा खरा आहे. टेनिसचं उदाहरण त्याचंच आहे. तिथे प्रशिक्षकाने प्रेक्षकांतून बोलायचं नाही हा निर्णयाबद्दलचाच नियम होता, पण तो वर्षानुवर्षं सर्रास मोडला जायचा. २०१८ च्या यूएस ओपन अंतिम सामन्यात सेरेना विल्यम्सला ताकीद मिळाली, वाद पेटला, आणि तिचे प्रशिक्षक पॅट्रिक मुराटोग्लू यांनी नंतर सरळ कबूल केलं की हो, मी खुणावत होतो, सगळेच करतात. खुणावलं प्रशिक्षकाने, ताकीद लागली खेळाडूला. शेवटी जानेवारी २०२५ पासून अशा मार्गदर्शनाला नियमानेच परवानगी दिली.

आणि काही वेळा यंत्रबंदी हीच अगदी योग्य रेघ असते. मे २०१८ मध्ये लॉर्ड्सवर पाकिस्तानच्या दोन खेळाडूंच्या मनगटावर स्मार्ट घड्याळं दिसली आणि आयसीसीच्या भ्रष्टाचारविरोधी अधिकाऱ्याने ती काढायला सांगितली. कोणावर आरोप नव्हता. पण तिथे भीती सट्टेबाजाची आहे, बाहेरच्या माणसाची. बाहेरच्या जगाशी जोडणारी वाट बंद करायची असेल तर यंत्र बंद करणं म्हणजेच वाट बंद करणं. रेड सॉक्सचं घड्याळ आणि लॉर्ड्सवरचं घड्याळ एकच वस्तू आहे, प्रश्न मात्र दोन आहेत. धोका बाहेरून असेल तेव्हा यंत्रबंदी चालते. आपल्याच डगआउटने खेळाडूच्या जागी विचार करायचा की नाही, हा प्रश्न असेल तेव्हा ती चालत नाही, कारण डगआउटकडे आवाज आहे, हात आहेत, पुठ्ठा आहे आणि कचऱ्याचा डबाही आहे.

अंमलाच्या आक्षेपावर माझं उत्तर पंधरा सेकंदांतच आहे. वेळ तपासता येते, यंत्राइतकीच सहज. रेडिओ आपोआप बंद होतो, कोणाला मनगटं तपासावी लागत नाहीत. कोण कोणाशी बोलतं हेही बऱ्याच अंशी रचनेत घालता येतं, पिचकॉमने ते केलं. फुटबॉलच्या कायदेमंडळानेही २०१८ मध्ये तेच केलं. प्रशिक्षकांना कडेवर हातात मावणारी छोटी उपकरणं डावपेचांसाठी चालतील, खेळाडूच्या अंगावर संवादाचं उपकरण चालणार नाही. रेघ खेळाडूच्या कानाभोवती आहे.

म्हणून यापुढे कुठल्याही खेळाने असा नियम करताना मसुद्यात तीन ओळी असाव्यात असं मला वाटतं. कुठला निर्णय मैदानावरच्या खेळाडूचाच राहील, त्याचं नाव घ्या. त्या निर्णयाच्या किती आधी बाहेरचा आवाज बंद होईल, ते सांगा. नियम मोडून मिळालेला फायदा त्याच क्षणी परत घेण्याचा अधिकार पंचाला द्या. यंत्रांची यादी लिहायची असेल तर परिशिष्टात लिहा, ती दर दोन वर्षांनी बदलणारच आहे.

यादी बदलण्याचं कारण उघड आहे. आजपर्यंत डगआउटमधला माणूस माणसालाच सांगत होता. चाइल्सच्या पायाखालची पेटी, वूल्मरचा आवाज, लीमनचा फलक, प्रत्येकाच्या टोकाला विचार करणारं माणसाचं डोकं होतं. पुढचा निरोप प्रशिक्षकाच्याही डोक्यातून आलेला नसेल. एखादं प्रारूप चेंडूगणिक उत्तर काढेल आणि प्रशिक्षक ते फक्त वाचून दाखवेल. त्या दिवशी 'यंत्र हातात मावणारं होतं का' हे विचारून काही हाती लागणार नाही. कॉलेजच्या मैदानावर कानात यंत्र घालून उकिडव्या बसलेल्या त्या कॅचरला पुढचा चेंडू स्वतःहून ठरवता येतो का, एवढंच विचारावं लागेल. आणि ते येत नसेल, तर आपण त्याला शिकूच दिलं नाही हे नियम लिहिणाऱ्यांना मान्य करावं लागेल.